मधूअण्णांचं हलकं वेळापत्रक

मधूअण्णांची तिन्ही मुलं शाळेत जात नव्हती, तेव्हापासून दसऱ्याची सुट्टी आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी त्यांच्याच घरी लागते. आणि ती लागते शिट्टीने. नवरात्र तोंडावर आलं की एका सकाळी मधूअण्णा लुंगी सावरत फाटकाशी येतात, क्रीडाशिक्षकाकडे असते तसली शिट्टी गाल फुगवून वाजवतात आणि रस्त्याला उद्देशून जाहीर करतात, "शाळेला सुट्टी! उद्यापासून हलकं वेळापत्रक!" समोरच्या घरातली मुलं त्या वेळी दप्तरं पाठीला लावून स्कूलबसची वाट बघत उभी असतात. त्यांची सुट्टी अजून लागायची असते. ती ज्या नजरेने मधूअण्णांकडे बघतात, ती नजर मला ओळखीची आहे. परीक्षेत शेजारच्याचा पेपर सोपा निघाला की मुलं तशी बघतात.

"मुलं घरीच असतात, मग सुट्टी कशाला जाहीर करायची?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"म्हणजे काय टीचर? शाळेत जात नाहीत म्हणून त्यांना सुट्टी नको? हा अन्याय झाला की हो!"

मी टीचर, कारण नाशिकच्या एका शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाले आणि मुलगा-सुनेबरोबर राहायला म्हैसूरला आले. आमचं घर बोगादीत, शहराच्या टोकाला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर शेजारच्या गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत तीन मुलं मांडी घालून बसलेली आणि समोर हा लुंगीतला माणूस खडू घेऊन उभा. मास्तरकीची सवय जाते कुठे? मी विचारलं, "आज शाळा नाही का?"

"आहे की. चाललीय."

"कुठली शाळा?"

"हीच."

मग त्यांनी शाळेची ओळख करून दिली. थोरली चैत्रा, मधला किरण आणि धाकटी पुट्टी. पुट्टीचं खरं नाव अंबिका. पुट्टी म्हणजे कानडीत चिमुरडी. मधूअण्णांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. ते आता थोरले भाऊ चालवतात आणि तिथे मुख्यतः शाळांचे युनिफॉर्म शिवले जातात. "म्हैसूरभरची मुलं आमचे कपडे घालून शाळेत जातात," मधूअण्णा छाती काढून सांगतात. "माझी तेवढी घरी." ते स्वतः हेब्बाळच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मधूअण्णा गेले नाहीत. त्यांची बायको शैलजा एका कंपनीत नोकरी करते, सकाळी कंपनीच्या बसने जाते आणि संध्याकाळी येते. मधल्या वेळेत घर, स्वयंपाक आणि शाळा मधूअण्णांची.

मुलं शाळेत का नाहीत, हे विचारायची सोय नाही. न विचारताच सांगतात. दूधवाल्याला सांगून झालंय, गॅसवाल्याला सांगून झालंय, माझ्या सुनेच्या माहेरच्या माणसांना पहिल्याच भेटीत सांगितलं. "शाळा म्हणजे रेडिमेड. स्मॉल, मिडियम, लार्ज. आखूड झालं तरी घाला, ढगळ झालं तरी घाला. माझ्या मुलांना मापाचं शिवून पाहिजे."

साठ-साठ मुलांचे वर्ग मी वर्षानुवर्षं सांभाळले. माझ्या तोंडावर कुणी शाळेला रेडिमेड म्हणावं, हे मला काही रुचलं नाही. मी ठरवलं, या माणसापासून चार हात लांब राहायचं. ते ठरवणं आठवडाभर टिकलं.

झालं असं, की मी तुळशीला पाणी घालत होते आणि पलीकडून मधूअण्णांचा आवाज आला, "नाईल नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते." माझ्या हातातला तांब्या थांबला. मी भिंतीशी जाऊन म्हटलं, "अहो, उलट. दक्षिणेकडून उत्तरेकडे."

मधूअण्णांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "टीचर, नकाशात उत्तर वर असते. बरोबर? पाणी वरून खाली येतं. बरोबर?"

मी उत्तर द्यायच्या आत चैत्रा म्हणाली, "अप्पा, नकाशा भिंतीवर टांगलाय म्हणून उत्तर वर आहे. जमिनीवर अंथरला तर?"

मधूअण्णांनी नकाशाकडे पाहिलं. मग खाली जमिनीकडे पाहिलं. "अय्यो, तप्पु माझं," ते म्हणाले. चूक कबूल करायला त्यांना जराही वेळ लागत नाही, हा त्यांचा गुण मला तेव्हाच कळला. दुसरा गुण लगेच कळला. "टीचर, गुरुवारपासून भूगोल तुमचा. सकाळी दहाला." विचारलं नाही, विनवलं नाही, नेमणूकच केली. आणि गुरुवारी दहाला मी पृथ्वीचा गोल घेऊन त्या टाकीच्या सावलीत हजर होते, हेही सांगायला हवं.

तर ते हलकं वेळापत्रक. शिट्टी वाजली की दुपारपर्यंत फाटकावर एक मोठा कागद लागतो. 'हलकं' या शब्दाखाली लाल रेघ. त्यात गणित नाही, विज्ञान नाही, व्याकरण नाही, माझा भूगोलही नाही. त्याऐवजी लिहिलेलं असतं: बाहुल्या, टेकडी, हत्ती, बाजार, दिवे. वाचणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे पोरांची!

पहिल्या वर्षी मीही फसले. नवरात्रात इथे घराघरांत पायऱ्या मांडून बाहुल्यांची आरास करतात. मधूअण्णांकडे ती मुलांनीच करायची. पण पायऱ्यांवर घालायला कापड किती लागेल, ते मोजून हिशोब काढल्याशिवाय मोहल्ल्यातल्या दुकानातून कापड येणार नाही. प्रत्येक बाहुली मांडताना तिची गोष्ट सांगायची, आणि सांगता आली नाही तर बाहुली परत पेटीत. पुट्टीने राजाराणीच्या मधे एक प्लास्टिकचा डॉक्टर उभा केला. "हा इथे कसा?" "राजाला ताप आलाय." यावर मधूअण्णांनी तापाची कारणं सांगायला लावली. बिचारी पुट्टी डॉक्टर काढायला निघाली.

टेकडीचं तसंच. चामुंडीच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला पाढ्याची एक ओळ. उतरणारी माणसं थांबून बघत होती. किरण घामाघूम झाला होता. "तेरा साते..." म्हणून तो अडकला. मागून एक अनोळखी गृहस्थ न राहवून म्हणाले, "एक्क्याण्णव." मधूअण्णांनी वळून त्यांची पाठ थोपटली आणि खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. ते गृहस्थ मराठी निघाले, साताऱ्याहून सहलीला आलेले. शेवटपर्यंत आमच्याबरोबर पाढे म्हणत चढले.

आणि हत्ती! दसऱ्याच्या मिरवणुकीआधी हत्तींना रस्त्यावरून सरावासाठी चालवतात. मुलांनी एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत हत्तीची किती पावलं पडतात ते मोजायचं होतं. पुट्टीला कुणी सांगितलं नव्हतं की दुसऱ्या खांबाशी थांबायचं असतं. ती मोजत मोजत हत्तीच्या मागे चालत गेली. एका पोलिसाने तिला अलगद उचलून आणलं. मधूअण्णा हात जोडून त्याला म्हणाले, "सर, थँक्स. पण जरा थांबा, तिचा आकडा तोंडात आहे, तो ऐकू द्या." पोलिसानेही ऐकला. वर कानडीत विचारलं, "बरोबर आहे का?"

त्या दुपारी किरण आमच्या सोफ्यावर येऊन आडवा झाला. "टीचर आजी, सुट्टी कधी संपणार?"

"का रे?"

"शाळा सुरू झाली की जरा बरं असतं. दुपारी झोपता येतं."

मी तडक भिंतीशी गेले. "मधूअण्णा, याला तुम्ही हलकं म्हणता?"

"हलकंच की," ते चकित होऊन म्हणाले. "दप्तर कुठाय?"

गेल्या वर्षीच्या आधीच्या नवरात्रातली गोष्ट. संध्याकाळी गल्लीतल्या मुली बाहुल्या बघायला आल्या होत्या. सगळ्या चैत्राच्या वयाच्या, तेरा-चौदाच्या. मधूअण्णांनी केलेली हरभऱ्याची उसळ द्रोणात घेऊन त्या पायऱ्यांपुढे उभ्या होत्या. बाहुल्यांकडे त्यांचं लक्ष दोन मिनिटं होतं. मग त्यांच्या वर्गातल्या गोष्टी सुरू झाल्या. कुठल्या तरी सरांना त्यांनी ठेवलेलं नाव, कुणीतरी बाकाखाली सोडलेला बेडूक, त्यावरून सगळ्या वर्गालाच बाहेर उभं केलेलं. एकीने सरांची नक्कल केली आणि सगळ्या खो-खो हसल्या. चैत्रा हातात ताट धरून त्यांच्यात उभी होती. तीही हसली, पण सगळ्यांच्या जरा नंतर.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. वेळापत्रकात भूगोल नव्हता, तरी गोल फिरवत बसली.

"टीचर आजी, वर्गाबाहेर उभं करतात तेव्हा काय करायचं असतं?"

"काय करणार? उभं राहायचं."

"सगळ्यांनी मिळून?"

"कधी कधी."

गोल फिरत राहिला. मग ती एकदम म्हणाली, "मला शाळेत जायचंय. अप्पा छानच शिकवतात. पण मला माझ्या वयाच्या कुणाशी तरी भांडायचंय. किरण लगेच रडतो. आणि पुट्टी चावते."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. "अप्पांना सांग की," मी म्हटलं.

"त्यांना वाईट वाटेल. मग ते अजून चांगलं शिकवायला लागतील."

मी म्हटलं, बरं, मी सांगते.

सरस्वतीपूजेचा दिवस निवडला. त्या दिवशी सगळी पुस्तकं देवीपुढे ठेवलेली असतात आणि कुणी वाचायचं नसतं, शिकवायचं नसतं. वर्षातला तेवढा एकच दिवस त्यांच्याकडे खरोखर हलका. मधूअण्णा ओट्यावर बसून झेंडूची माळ ओवत होते. शिकवायला काही नाही म्हणून चेहरा उतरलेला. मी शेजारी बसले आणि आडवळण न घेता सांगितलं.

सुई थांबली. "कुठल्या विषयात कमी पडलो?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

"तिला वर्ग हवाय."

"वर्ग आहे की. तिघं आहेत."

"तिच्या वयाची ती एकटीच आहे, मधूअण्णा."

मला वाटलं, आता रेडिमेड येणार, स्मॉल-मिडियम-लार्ज येणार. काहीच आलं नाही. ते परत माळ ओवायला लागले. दोरा संपला तरी एक फूल सुईत धरून बसले होते. मी उठून आले.

दुसऱ्या सकाळी फाटकावरचा कागद नव्हता. तिन्ही मुलं जेवणाची वेळ होईपर्यंत रस्त्यावर खेळत होती. समोरच्या आजीबाई मला विचारून गेल्या, मधूअण्णांना बरं नाही का? संध्याकाळी शैलजा कोपऱ्यावर कंपनीच्या बसमधून उतरली. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "माझं काही चुकलं का ग?"

"नाही हो टीचर," ती शांतपणे म्हणाली. "ते बोलत असतात तेव्हा कुणाचं ऐकत नाहीत. गप्प बसले म्हणजे समजायचं, ऐकलंय."

दसरा झाला, दिवाळी झाली. एका सकाळी मधूअण्णा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी उभे. "टीचर, चांगली साडी नेसा. शाळा बघायला जायचंय."

मुलगी दाखवायला निघालेला बापसुद्धा मुलाकडच्यांची एवढी चौकशी करत नसेल. मधूअण्णा वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायचे आणि मला फळ्यावर बारीक अक्षरात लिहायला लावायचे. नळ सोडून पाणी बघायचे. जिना चढून उतरून बघायचे. एका हेडमास्तरांनी अखेर विचारलंच, "प्रवेश मुलीला हवाय की तुम्हाला?" मधूअण्णा म्हणाले, "आधी मी बघतो. मग ती बघेल."

आणि सगळं बघून झालं की हेडमास्तरांच्या खोलीत बसून ते एक प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"इंटर्वलमध्ये तुमच्याकडे एकटं कोण जेवतं?"

पहिल्या शाळेत उत्तर मिळालं, "आमच्याकडे असं कुणी नाही." मधूअण्णा लगेच उठले. बाहेर येऊन म्हणाले, "त्यांनी बघितलेलं नाही, टीचर." दुसऱ्या शाळेत सांगितलं, "काळजी नको, सगळीकडे कॅमेरे आहेत." तिथूनही उठलो. तिसऱ्या ठिकाणी तर त्या गृहस्थांनी हसून शिपायाकडे पाहिलं. मला त्या सगळ्या शाळांची दया यायला लागली होती. आम्हा शिक्षकांना हा प्रश्न कुणी कधी विचारलेलाच नसतो.

शेवटची शाळा आमच्या घराजवळचीच, लहानशी, रंग उडालेली. हेडमिस्ट्रेस बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी प्रश्न ऐकला आणि चष्मा काढून जरा विचार केला.

"सातवीत एक मुलगा आहे. आठवीत एक मुलगी, ती नवीन आलीय. मुलगा हल्ली कमी. मुलगी अजून."

मधूअण्णा खुर्चीत पुढे सरकले. "मग तुम्ही काय करता?"

"मी माझा डबा घेऊन तिच्या शेजारी बसते."

"आणि?"

"हेडमिस्ट्रेसच्या शेजारी बसून जेवायची वेळ आलेली मुलगी बघून बाकीच्यांना तिची कीव येते. दोन-तीन दिवसांत कुणीतरी येऊन तिला सोडवून नेतं."

मधूअण्णा मोठ्याने हसले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "फॉर्म कुठाय?"

परतताना आम्ही एका छोट्या हॉटेलात कॉफी प्यायला थांबलो. मी म्हटलं, "हा प्रश्न तुम्हाला कुठून सुचला?"

त्यांनी कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतली. "चैत्रा पहिलीत होती, टीचर. पाण्याची बाटली विसरली म्हणून द्यायला गेलो. इंटर्वल चाललेला. सगळी पोरं घोळक्याने बसलेली. ही एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. डब्यातल्या इडलीशी बोलत होती. तुकडा तोडायच्या आधी त्याला काहीतरी विचारायची, मग खायची. हसत होती हो. तिला काहीच दुःख नव्हतं. मलाच बघवलं नाही."

"मग?"

"बाटली द्यायला गेलो होतो. मुलगीच घेऊन आलो."

"आणि ते रेडिमेड, मापाचं, ते सगळं?"

"ते नंतर सुचलं," मधूअण्णा म्हणाले. "लोक विचारतात की. काहीतरी सांगायला लागतं."

त्यांनी एक घोट घेतला. बाहेर रिक्षावाले कुणावर तरी ओरडत होते. "मोहल्ल्याच्या शाळेत मीही तसाच जेवायचो," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "इडलीशी बोलायचं मात्र मला सुचलं नाही."

मी कॉफीचे पैसे देऊ लागले तर रागावले. मी त्यांच्यामागून चालत घरी आले.

जूनमध्ये चैत्रा शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम भूगोलाचा तास दुपारी ठेवला. मधूअण्णांनी सकाळी चित्रान्न केलं होतं, लिंबू पिळलेला पिवळाधमक भात, आणि तो इतक्या मोठ्या डब्यात भरला होता की मला वाटलं शैलजाच्या ऑफिसात कुणाचा वाढदिवस आहे. दुपारभर ते किरणला एक साधा भागाकार शिकवत होते आणि तो तीनदा चुकला. चुकत मधूअण्णाच होते.

चार वाजता चैत्रा आली. वेणी सुटलेली, बूट धुळीने भरलेले. आल्या आल्या सुरू झाली. बाक तिसरा मिळाला, गणिताच्या बाई भरभर बोलतात, खिडकीजवळच्या जागेवरून एका मुलीशी भांडण झालं, कडाक्याचं. "मीच जिंकले! पण मग जागा तिलाच दिली."

काय शिकवलं, हे मधूअण्णांनी विचारलं नाही. त्यांनी तिच्या दप्तरातून डबा काढला आणि उघडला. आत एक शीत नव्हतं.

"सगळं तू खाल्लंस?"

"कुठलं! मला दोन घास मिळाले. सगळ्यांनी संपवलं. उद्या जास्त दे, त्या म्हणाल्या. अप्पा, मला भूक लागलीय."

मधूअण्णा डबा घेऊन आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ येत राहिला. किरणने डोकावून पाहिलं आणि ओरडला, "अप्पा, डबा कधीच स्वच्छ झालाय!"

"झाला, झाला," आतून आवाज आला. नळ चालूच.

मग ते भाताचं पातेलं घेऊन बाहेर आले. "टीचर, तुम्हीही बसा. मी सकाळपासून जेवलो नाही."

आम्ही पाचही जणं जमिनीवर गोल करून बसलो. चैत्रा भरल्या तोंडाने त्या भांडकुदळ मुलीबद्दल सांगत होती, पुट्टी तिला मधे मधे प्रश्न विचारत होती. मधूअण्णा एक शब्दही न बोलता जेवत होते.